कौसाबाईच्या नातीची आंघोळ

"आंघोळ न्हाई घालायची," असं म्हणून कौसाबाई नातीला पोटाशी धरून माझ्याकडे पाठ करून बसली.

सकाळचे दहा वाजले होते. तिची सून गया तासाभरापूर्वी बाळंत झाली होती, तीही सातव्याच महिन्यात. मेंढरं घेऊन सोनपेठच्या बाजूला निघालेलं हे कुटुंब वाटेत आमच्या दवाखान्यात आलं होतं. पोरगी जेमतेम साडेतीन पौंडांची.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी हैदराबादला नर्सिंग शिकून नुकतीच वॉर्डाची सिस्टर झाले होते आणि तो तोरा अंगात होता. माझा पहिला नियम म्हणजे बाळ जन्मलं की तासाभरात साबणाने आंघोळ. मग वेगळी कॉट, पांढरी चादर आणि उघडी खिडकी.

"कौसाबाई, हा दवाखाना आहे. मेंढवाडा नाही."

"कमी दिवसाचं कोकरू आमी कंदी भिजवत न्हाई, बाई. पुसायचं अन् उराशी धरायचं. भिजलं की गेलं."

"हे कोकरू नाही," मी म्हणाले आणि पोरगी उचललीच. आंघोळ घातली. बाहेर डिसेंबरचा गारठा होता. पोरगी कॉटमध्ये इतकी सुंदर दिसत होती की माझं मलाच कौतुक वाटलं.

दुपारी ती रडेनाशी झाली. दूध ओढेना. पाय निळसर दिसायला लागले. हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. त्या हिवाळ्यात कमी दिवसांची तीन बाळं अशीच गेली होती. रजिस्टरमध्ये मृत्यूच्या कारणापुढे मीच लिहिलं होतं, 'जन्मतः अशक्त'.

मी हाक मारली तसे आमचे डॉक्टरसाहेब धावत आले. "सिस्टर, टेंपरेचर?"

"ताप नाही सर. अंग गार आहे."

"किती, ते विचारतोय मी."

आमचा थर्मामीटर ताप मोजायचा. पंच्याण्णवच्या खाली त्यावर आकडेच नव्हते. पारा पहिल्या रेघेलाही शिवला नाही. बिघडला असेल म्हणून मी तो स्वतःच्या काखेत लावला. साडेसत्त्याण्णव. थर्मामीटर अगदी ठणठणीत होता.

"अशा बाळाच्या अंगावर चरबी नसते," डॉक्टरसाहेब म्हणाले. "ओलं झालं की ऊब जाते. ऊब गेली की दूध ओढायचं बळही जातं." मी कौसाबाईचं सकाळचं बोलणं सांगितलं, तसे ते तिच्याकडे वळले. "तुम्ही काय करता अशा कोकराला?"

ती उठली. कॉटमधून पोरगी काढली, कपडे उतरवले, गयाच्या उघड्या छातीवर ठेवली आणि दोघींवर घोंगडी ओढली. मेंढरांचा वास वॉर्डभर पसरला.

"बाई, ती खिडकी लावा."

मी लावली.

मी दर अर्ध्या तासाने पारा बघत होते. चमच्याने आईचंच दूध थेंब थेंब घालत होते. दिवस मावळताना पारा सत्त्याण्णववर गेला आणि घोंगडीतून बारीकसा रडण्याचा आवाज आला. मी स्टोअरमध्ये जाऊन पोटभर रडले. या पोरगीसाठी आणि त्या तिघांसाठी. अशक्त ती बाळं होतीच, पण गारठवली मी.

डॉक्टरसाहेब दारात उभे होते. "सर, ती तीन बाळं..." मी म्हणाले.

"माझीही सही आहे रजिस्टरच्या त्या पानावर," ते म्हणाले. "उद्यापासून नियम बदला."

तीन आठवडे सासू-सून पाळीपाळीने पोरगीला छातीशी घेऊन बसल्या. घोंगडीच्या वासाने मी नाक मुरडायची, पण बोलायची नाही. घरी जायच्या दिवशी कौसाबाई पोरगीला घेऊन माझ्यासमोर आली.

"घाला आता आंघोळ. तुमच्याच हातानं."

"नको, मला भीती वाटते."

"म्हणून तर तुमच्याकडं आणली. आता तुमी जपून घालताल."

भर दुपारी, उन्हात, मी पाण्यात तीनदा कोपर बुडवून बघितलं. पोरगीने किंचाळून सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. कौसाबाई तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसत होती.

"रडू द्या," ती म्हणाली. "लय चांगलं रडायलीय."

पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला मी एवढंच सांगितलं, 'जन्मतः अशक्त' लिहायच्या आधी बाळाच्या पायांना हात लावून बघ, आणि सकाळपासून आपण त्याचं काय काय केलं ते आठव.