चिठ्ठी परत वाटीत

सालातिगा गावची बू मार्नी, म्हणजे मार्नीबाई, कुणाच्या बापाला घाबरत नव्हती, अजगरांना तर नाहीच. तिच्याकडचा एक भाडेकरू विद्यार्थी नापास होऊन गावी पळाला, त्याचा पाळीव अजगर मागे राहिला आणि तिथून सगळं सुरू झालं. शाळेचे गणवेश शिवता शिवता तिने मागच्या खोलीत तीस अजगर वाढवले. चुका करत करत शिकली. प्रत्येक पिल्लाच्या डब्यावर आई कोण, बाप कोण हे ती स्वतः लिहून लावायची आणि ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असंच लिहायची. म्हणून लोक तिच्याकडचं पिल्लू डोळे मिटून घ्यायचे.

अशा बाईला पाक वियोनोने, म्हणजे वियोनोरावाने, अजगर पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर उघड लबाड म्हटलं. त्याने तिच्याकडून एक तपकिरी जोडी नेली होती. नर-मादी दोघांच्याही आया पांढऱ्या, म्हणजे दोघांतही पांढरा गुण दडलेला, यात शंका नाही. त्या जोडीची सहा अंडी फुटली आणि सहाही पिल्लं तपकिरी निघाली.

'चारांत एक पांढरं म्हणाली होती. मग माझं कुठंय?' असं त्याने लिहिलं.

मार्नीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती 'दर अंड्याला' असंही म्हणाली होती, पण ऐकतो कोण! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

रविवारी सगळे पाळणारे गल्लीच्या सभागृहात जमले. सोयाबीनचं तळलेलं टेंपे होतं, गोड चहा होता. मार्नीने कशालाच हात लावला नाही. तिने वियोनोपुढे वाटी आदळली. वाटीत चार चिठ्ठ्या होत्या, तीन तपकिरी आणि एक पांढरी.

"काढा, पाक."

तपकिरी निघाली. वियोनो ती बाजूला ठेवायला गेला.

"परत टाका वाटीत!"

"का म्हणून? भिशीत नाव निघालं की चिठ्ठी बाद होते, बू."

"ही तुमची भिशी नाही, आज ना उद्या प्रत्येकाचा नंबर लागायला! शेजारच्या अंड्यात काय निघालं ते या अंड्याला कसं कळणार? दर अंड्याला चारही चिठ्ठ्या नव्याने. काढा!"

पाचव्या खेपेला पांढरी आली. "बघा, आलीच की!" वियोनो ओरडला.

"काढा आणखी सहा."

सहाही तपकिरी निघाल्या. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. वियोनोचा चेहरा उतरला.

"चुकलं माझं, बू." त्याने तिथल्या तिथे ग्रुपवर माफी लिहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार्नीला हवं ते मिळालं होतं, तिचं नाव धुऊन निघालं होतं. तिने पहिल्यांदाच चहाचा पेला उचलला.

"आता ती पिल्लं नीट सांभाळा," ती म्हणाली. "दिसायला तपकिरी असली तरी साधारण तिघांतल्या दोघांत पांढरा गुण असणार."

"कुठली पिल्लं? तपकिरी ती तपकिरीच. त्याच दिवशी गटारात सोडली मी."

मार्नीने पेला खाली ठेवला. तिला त्याची चीड आली आणि त्याहून जास्त स्वतःची. इतकी वर्षं ती येईल त्याला पांढऱ्याचं गणित समजावत होती. तपकिरी पिल्लालाही जगवायचं असतं, हे सांगावं लागेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं.

"माझी जोडी परत आणा."

"अहो, माफी मागितली ना!"

"माफी ठेवा तुमच्यापाशी. जोडी आणा."

"आता कशी आणू? कालच पुन्हा एकत्र ठेवलीत दोघं. मागच्या खेपेला सहा तपकिरी झाली, यंदा पांढरं निघणारच."

"म्हणूनच आत्ता, पाक. उठा."