न केलेली सही

परवा इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावातल्या बेकरीत दालचिनीच्या ब्रेडचा वास आला आणि मला वॉल्टर आठवले. ते क्वेकर, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे. दुसऱ्या महायुद्धात बंदूक नाकारून त्यांनी वेड्यांच्या इस्पितळात सेवा केली होती. पुढे तुरुंगातून सुटलेल्यांसाठी ते एक घर चालवत. तिथे असाच ब्रेड भाजला जाई आणि मी डॉक्टर म्हणून दर शनिवारी तिथल्या माणसांना तपासायला जात असे.

एकदा समोर आलेल्या माणसाला मी कोर्टात पाहिलं होतं. दारू पिऊन त्यानेच माझ्या धाकट्या भावाला गाडीखाली चिरडलं होतं. त्याने मला ओळखलं नाही. नोकरीसाठी त्याला डॉक्टरची सही हवी होती. तब्येत ठणठणीत होती, तरी मी कागद कोराच परत दिला.

"डॉक्टर, त्याने शिक्षा भोगलीय," वॉल्टर हळूच म्हणाले.

"कोर्टाने दिलेली. मी दिलेली नाही."

पिठाने माखलेले हात तसेच धरून ते माझ्याकडे बघत राहिले. त्या माणसाची नोकरी हुकली. मी पुन्हा तिथे गेले नाही.

त्या दिवशी गाडीत मी मोठमोठ्याने गात घरी आले होते. आज सत्तरी उलटल्यावर वॉल्टरची ती नजर टोचते, पण त्या माणसाची कीव अजूनही येत नाही. खंत एकच वाटते. माझ्या भावाचं नाव मी त्याच्या तोंडावर घ्यायला हवं होतं.