गाडीचं रूप आणि सासूबाईंचे गुडघे

माझ्या मेहुण्याने तीर्थपुरीला सेकंडहँड विलायती गाडी आणली, तेव्हा मला भोकरदनहून मुद्दाम बोलावून घेतलं. मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे गाडी देखणी का दिसते हे मी सांगावं, अशी त्याची अपेक्षा होती.

"दाजी, चांगली दिसती हे मलाबी दिसून राह्यलंय. पण का दिसती?"

मी गाडीभोवती फिरलो आणि त्याला गाडी बाजूने दिसेल असं उभं करून दाखवलं. पुढचं चाक पार नाकाशी ढकललेलं, म्हणून चाक आणि दार यांच्यात ऐसपैस जागा. बॉनेट लांब. छप्पर बुटकं आणि मागे उतरत गेलेलं. काच कमी, पत्रा जास्त. चाकं मोठी आणि अंग त्यांच्यावर टेकलेलं.

"सगळा भार मागच्या चाकांवर वाटतो," मी म्हणालो. "म्हणून उभी असली तरी निघाल्यासारखी दिसते."

त्याने हे पाठ केलं आणि दारात येईल त्याला ऐकवलं.

अडचण सासूबाईंची होती. त्यांचे गुडघे दुखतात आणि गाडी जमिनीलगत. "खड्ड्यात बसल्यावानी वाटतं," त्या म्हणाल्या. शिवाय प्रत्येक गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं. शेवटी मेहुण्याने जालन्याला नेऊन गाडी चार बोटं उचलून घेतली.

सासूबाई खूश झाल्या. गाडी मात्र ओढ्यात शिरताना धोतर वर धरलेल्या माणसासारखी दिसू लागली. चाकावरच्या फटीत कोंबडी बसली असती. मेहुणा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून तिच्याकडे बाजूने बघत बसायचा. त्याचं जेवण कमी झालं. मग फोन आला, "दाजी, पाहावत न्हाई."

मी मोठे टायर सुचवले. ते वळताना घासू लागले.

गाडी पुन्हा खाली आली.

"मंग मी जीपनं जात जाईन," सासूबाई म्हणाल्या. रागाने नव्हे.

पुढे घनसावंगीला नात्यातलं लग्न निघालं. सासूबाई काळ्या-पिवळ्या जीपने गेल्या. आम्ही गाडीने. प्रत्येक गतिरोधक आला की मी आणि बायको उतरायचो, मेहुणा गाडी तिरकी करून पलीकडे न्यायचा, आम्ही चालत जाऊन परत बसायचो. उसाच्या एकाच ट्रॅक्टरने आम्हाला दोनदा मागे टाकलं. पोहोचलो तेव्हा सासूबाई जेवून मांडवाच्या तोंडाशी सुपारी कातरत बसल्या होत्या.

नवरा-नवरीला गाडीपाशी फोटो हवा होता. मेहुण्याने फोटोग्राफरला उकिडवं बसवलं आणि बाजूने काढायला लावला. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"दिसाया बिलकुल चांगली हाय," त्या म्हणाल्या.

मेहुण्याचा चेहरा उजळला. "माय, मंग जाताना चल की गाडीत."

"न्हाई बाबा," त्या म्हणाल्या. "जीपवाला थांबून राह्यलाय माझ्यासाठी."