काळेवाडीतलं रिकामं आभाळ

वहिनींचा फोन आला तेव्हा मी चाकणला कंपनीच्या गेटवर होतो. "भाऊजी, हे गेले..." एवढंच बोलल्या. मला आधी रागच आला. अरे सुधीर, दोस्ता, एवढी कसली घाई होती राव?

बिल्डरांच्या इमारतींचे फोटो काढून ते कॉम्प्युटरवर साफ करणं, हा त्याचा धंदा. विजेच्या तारा, वाळत घातलेले कपडे, गच्चीवरच्या टाक्या, सगळं पुसायचा. स्वतःच्या हौसेखातर मात्र भलतंच करायचा. गजबजलेल्या गल्लीतली एक आख्खी इमारतच फोटोतून काढायचा आणि तिथं आभाळ भरायचा. "बघ, कसं मोकळं वाटतं!" म्हणायचा. मी चिडायचो. लोक राहतात रे तिथं!

गेल्या वर्षी त्यानं काळेवाडीतली काशीबाईंची इमारत अशीच उडवली आणि फोटो एका ग्रुपवर टाकला. झालं! अनधिकृत बांधकामं पाडतील ही धास्ती तिथं घराघरात. फोटो फिरत गेला, वाटेत कुणीतरी खाली चिकटवलं, "इथं बुलडोझर येणार." संध्याकाळी त्याच्या स्टुडिओसमोर ही गर्दी! मी आतून शटर दाबून धरलेलं. बाहेरून धडाधड लाथा. "कुणाकडनं पैसे खाल्ले, बाहेर ये!" सुधीर पांढराफटक पडला होता. तरी मला बाजूला सारून त्यानंच शटर वर केलं.

समोर काशीबाई. ओरडल्या नाहीत, हेच जास्त भयंकर. "आमी नवरा-बायकूनं राबून बांधलं, आन् तू बोटानं पुसलंस व्हय रं?"



बुलडोझर यायचाच नव्हता. पण भाडेकरू घाबरून खोल्या सोडून गेले, आणि बाईंचं पोट त्या भाड्यावर. मग हा पठ्ठ्या खरा फोटो मोठा छापून सलूनमध्ये, किराणा दुकानात, कंपन्यांच्या बस थांब्यांवर दाखवत फिरायला लागला. "इमारत उभी आहे हो, खोल्या रिकाम्या आहेत." त्याच्या छातीत दुखायचं, वहिनी रडायच्या, मी शिव्या घालायचो. "एकच खोली राहिली रे," म्हणायचा... ती भरायच्या आधीच गेला.

परवा कँटीनमध्ये जेवताना तोच फोटो माझ्या मोबाइलवर आला, कुठल्याशा अनोळखी ग्रुपवर. मधे नुसतं आभाळ. खाली कुणीतरी विचारलेलं, "पाडली का हो ही?"

ताट बाजूला सारून मी लिहिलं, "इमारत उभी आहे. फोटो काढणारा गेला."