चंद्रीनं तुडवलेला डोकडा

भूतखेत, करणी, नजर... यांतलं मी काही मानत नाही. आमच्या कुणब्याच्या घरात पाटी धरलेला पहिला मीच; मुंबईला जाऊन बी. ए. झालो. हे आधीच सांगतो, कारण पुढलं वाचून तुम्ही हसणार.

गाव दर्यापूरजवळ. अमेरिकेत लढाई पेटलेली, तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून इथं कापसाला सोन्याचं मोल. आमच्याकडे कापूस मोठ्या गोणीत, म्हणजे डोकड्यात, पायांनी तुडवून भरतात. कोपऱ्यांत मोठ्यांचा पाय पोचत नाही, म्हणून माझ्या थोरल्या भावानं, दादानं, आपली सात वर्षांची पोर चंद्री आत उतरवली. संध्याकाळी ती लंगडत बाहेर आली आणि तापानं फणफणली. मांडी लाकडासारखी टणक... वर कातडीला मात्र ओरखडाही नाही.

"लचक हाय," म्हणत दादा तेल लावून ती मांडी रगडायचा. पोर किंचाळायची.

मी अमरावतीच्या डॉक्टरला विचारून आलो. मांसात खोल पू झाला असणार, चिरून काढला तर वाचेल, असं त्याचं म्हणणं.

"दादा, एक गाडी मोकळी कर. तिले अमरावतीले नेतो."

"गाड्या कापूस घेऊन अकोल्याले चालल्या. अन् बी. ए. झाला म्हणून लेकराले चिरतं काय रे?"

चंद्री कण्हत म्हणाली, "काका, माहा पाय डोकड्यातच रायला."

अंगणातल्या त्या डोकड्याला मी हात लावला. एकाच जागी, तिच्या मांडीएवढ्या जागी, तो पोळत होता. ओला कापूस तापतो, हे मलाही ठाऊक आहे. म्हणून शिवण उसवून पाहिली — आत कोरडा ठणठणीत कापूस. हात जरा सरकवला की गार.

त्याच आठवड्यात चंद्री गेली. तिला पुरून आलो. पोर थंड पडली, डोकडा नाही.

अकोल्याच्या बाजारात दलालानं नमुना काढायला त्याच डोकड्यात हात घातला आणि झटकन मागे ओढला. "अरे भाऊ, इसको तो बुखार है!"

सगळे हसले. दादानं तेव्हा पहिल्यांदा हात लावून पाहिला... आणि भर बाजारात त्या गोणीवर डोकं टेकवलं. "उतर आता खाली, माय. झालं तुडवून."

मी हात ठेवला. गोणी गार झाली होती.

दादानं डोळे पुसले, अन् दलालाला भाव सांगितला.

ती गोणी कशानं तापली, कशानं निवली, हे बी. ए. होऊनही मला सांगता येत नाही. दादाशी मी का बोलत नाही, तेवढं सांगता येतं.