ताइसाच्या पांढऱ्या खिडक्या
ताइसाने घराला प्लास्टिकच्या खिडक्या बसवायचं ठरवलं आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं. गाव म्हणजे तरी कोण? पोलंडमधल्या नारेव नदीकाठच्या त्या रस्त्यावर हिवाळ्यात धूर निघतो तो चार घरांतून. बाकीची घरं वॉर्सातल्या लोकांनी घेतलेली. जूनमध्ये उघडतात, ऑगस्ट संपला की कुलूप.

त्या मंडळींचा म्होरक्या म्हणजे समोरच्या घरातला गुस्ताव. नुकताच निवृत्त झालेला प्राध्यापक, यंदा पहिल्यांदाच हिवाळाही इथे काढणार होता. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याच्या लाकडावर त्याचं प्रेम जरा जास्त होतं, एवढंच. एका सकाळी तो सह्यांचा कागद घेऊन ताइसाच्या स्वयंपाकघरात आला.

"काकू, लोक लांबून या खिडक्यांचे फोटो काढायला येतात. प्लास्टिक लावलंत तर रस्त्याची रया जाईल."

"येतात ना? मग जाता जाता एखादा रंगाचा हातही मारून जा म्हणावं." ताइसा बटाटे किसत होती. तिने कागदावर नजर टाकली. "अकरा सह्या! यातलं जानेवारीत इथे कोण असतं हो?"

ताइसा त्र्याहत्तर वर्षांची. गावची शाळा बंद पडेपर्यंत तिथल्या पोरांचं सूप तिनेच ढवळलं. एकाआड एक उन्हाळ्यात तिने खिडक्या खरवडल्या, पुट्टी भरली, निळा रंग दिला. ऑक्टोबर आला की माळ्यावरून हिवाळी चौकटी उतरवून आतून बसवायच्या, दोन काचांमध्ये कापूस आणि ओल शोषायला मिठाचा पेला ठेवायचा, फटींवर खळीने कागद चिकटवायचे. मग ईस्टरपर्यंत खिडकी उघडायचं नाव नाही. यात सुंदर काय आहे, ते तिला कधीच कळलं नाही.

"खिडक्यांभोवतीची बाहेरची नक्षी ठेवतेय मी," ती म्हणाली. "सावाने कोरलीय. तुमच्या फोटोला तेवढी पुरे."

"चौकटीही त्यांच्याच हातच्या ना? सावाकाकांना काय वाटलं असतं?"

ताइसाने किसणी खाली ठेवली.

"माझ्या नवऱ्याचं मला सांगू नका. तो जानेवारीत गेला, पलीकडच्या खोलीत. माणूस गेला की खिडकी उघडायची, जिवाला वाट द्यायची. मी कागद फाडले, कापूस ओढला, आतली चौकट काढली. बाहेरची फुगून बसलेली, हलेना. शेवटी कुऱ्हाड आणली. पाऊण तास, साहेब! पाऊण तास तो तिथे पडून, आणि मी त्याच्याच हातच्या लाकडावर घाव घालतेय. आता लाकडाचं कौतुक माझ्या घरात नको. उचला तो कागद."

गुस्तावने कागदाची घडी केली आणि निघून गेला.

पंधरा दिवसांनी कारागीर आले आणि एका दिवसात खिडक्या बसवून गेले. पांढऱ्या, गुळगुळीत, खरं सांगायचं तर दिसायला यथातथाच. ताइसालाही ते दिसत होतं, पण तिला त्याची फिकीर नव्हती. तिने खिडकी उघडून रस्त्यापलीकडे हाक मारली, "गुस्ताव! इकडे ये जरा." आजवर तिने त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. तो घाईघाईने आला.

"ही मूठ धर. आडवी फिरव. आडवी रे, वर नको! वर केलीस की नुसती वरून कलते, पुरती उघडत नाही."

त्याने दोनदा उघडली, दोनदा लावली.

"जमलं?"

"जमलं. पण मला कशाला शिकवताय, काकू?"

"मी एकटी राहते आणि समोर तू राहतोस. मी गेले की तुलाच यायचंय. कुऱ्हाड आणू नकोस."