रिकाम्या हातांनी येणारी व्हर्लीन

मिस व्हर्लीन कॉफीचं भांडं न घेता तुमच्या टेबलाकडे यायला लागली, की आमच्या गावात कुणाला काही सांगावं लागत नसे. तुमचं कुणीतरी गेलेलं असे.

एरवी ते भांडं तिच्या हातातून सुटायचं नाही. सकाळी सहाला फेरी कॅफेचं दार उघडताना ती ते उचलायची, ते तीनला खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवताना खाली ठेवायची. कॉफी ओतायची, त्याच हाताने कुणी कुठे बसायचं ते दाखवायची, पोरांना दटावायची. एकोणचाळीस वर्षं. बुधवारी चिकन-डंपलिंग, शुक्रवारी तळलेला कॅटफिश, आणि रोज तीन भाज्या, मक्याचा पाव, गोड थंड चहा. अलाबामाच्या आमच्या भागात दुपारचं बाहेर जेवायचं तर दुसरी जागाच नव्हती.

बारा वाजून दहा मिनिटांनी ती पुडिंगच्या कपाटावरचा रेडिओ मोठा करायची. आधी गावातल्या घडामोडी: कुणाचा वाढदिवस, शनिवारी अग्निशमन दलाच्या पोरांचा मासे तळण्याचा कार्यक्रम, शाळेच्या बँडसाठी केकविक्री, बॅप्टिस्ट चर्चची प्रवचनं. तोवर लोक बोलत असायचे. मग संथ ऑर्गन सुरू व्हायचा, काटे-चमचे थांबायचे, पुरुषांच्या टोप्या उतरायच्या आणि मृत्यूच्या सूचना वाचल्या जायच्या. नाव, वय, राहणार कुठले, दफन कधी, आणि मागे कोण कोण आहेत.

हार्डवेअरवाला ब्युफर्ड निक्स रोज ऑर्गनच्या आधी म्हणायचा, "मिस व्हर्लीन, माझं नाव आलं तर सांगा हं, दुकान बंद करायला जावं लागेल."

"तुझं नाव आलं ना बाळा, तर आधी तुझ्या बायकोला विचारीन, खरं आहे की या वेळीही थापच म्हणून."

व्हर्लीनने स्वतःच्या नवऱ्याचं नाव याच रेडिओवर ऐकलं होतं. १९६१ साल, ती सव्वीस वर्षांची. सकाळी लाकडाच्या गिरणीत अपघात झाला. निरोप घेऊन माणूस तिच्या घरी गेला, आणि ती तर इथे, डाव्या हातावर चार ताटल्या पेलून उभी. कर्टिस स्टॅक्स, हे शब्द ऐकून ती थांबली नाही. चारही ताटल्या तिने ज्याच्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या, मग भिंतीला टेकली. गावात अजून ते कौतुकाने सांगतात. तिला ते कौतुक सहन होत नसे. एकदा मला म्हणाली, "तळलेली भेंडी ज्याने मागितली होती, त्यालाच दिली मी. लोक म्हणतात एकही ताटली पडली नाही. पडायला हवी होती गं."

महिनाभराने ती रेडिओ केंद्रावर गेली आणि सूचना वाचणाऱ्या डब रॅन्समशी बोलली. तेव्हापासून रोज अकराला कॅफेच्या स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. डब यादी वाचायचा, ती ऐकायची. कुणाचं कोण, हे तिला रक्ताच्या नात्यापुरतंच ठाऊक नव्हतं. शाळेच्या शिपायाला कुठल्या बाईंनी लिहायला शिकवलं, पोस्टातल्या बाईचं लग्न आधी कुणाशी ठरलं होतं, हेही ती जाणून होती. ज्यांना घरचे फोन करणार नाहीत, त्यांच्याकडेच ती जायची. खुर्ची ओढून बसायची. दिवसभरात ती बसायची ती तेवढीच. हळू आवाजात सांगायची आणि मग त्या माणसाला स्वयंपाकघरातून मागच्या दाराने बाहेर सोडायची, म्हणजे सगळ्यांच्या नजरेतून जावं लागत नसे. लहानपणी मला सांभाळणारी बाई गेली, तेव्हा मीही त्याच दाराने बाहेर पडले होते.

मग डब निवृत्त झाला. केंद्र बाहेरगावच्या लोकांनी विकत घेतलं. व्हर्लीनने नव्या मुलाला फोन केला. तो अदबीने बोलला, पण म्हणाला, "मॅम, यादी माझ्याच हातात बाराला पडते."

ती म्हणाली, मग कॅफेत रेडिओच नको. म्हातारे ऐकेनात. चाळीस वर्षं ऐकतोय, म्हणाले, आता आमची माणसं कधी गेली ते पेपरातून आठवड्याने कळायचं का? शेवटी तिने रेडिओ लावला, पण ऑर्गन सुरू झाला की ती कपाटाशी जाऊन उभी राहायची, एक हात वायरवर ठेवून. तीन आठवडे ती अशी उभी राहिली. भांडं दुसऱ्या हातात.

आता टार्व्हर भावांबद्दल सांगायला हवं. हॉलिस आणि एझ्रा. आई वारल्यावर घर कुणाचं यावरून भांडले आणि बावीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. दोघांनाही व्हर्लीनच्या हातचं वाढलेलंच लागे, म्हणून तिनेच वार ठरवून दिले होते: हॉलिसने सोमवार-बुधवार यायचं, एझ्राने मंगळवार-गुरुवार. शुक्रवारी दोघांनीही घरी जेवावं, असं तिने बजावलं होतं, कारण शुक्रवारी गर्दी फार, तिथे तुमच्यावर कोण लक्ष ठेवणार?

ऑक्टोबरातला गुरुवार होता. गावचं वाचनालय मी सांभाळते; ते तासभर बंद करून जेवायला आले होते, पण जेवण जात नव्हतं. माझा मुलगा वेड नुकताच नदीवरच्या मालवाहू बोटीवर कामाला लागला होता. मंगळवारी फोन करतो म्हणाला होता, केला नव्हता. मला दाराजवळची जागा मिळाली होती, जिथे ताटल्यांचा खणखणाट सगळ्यात जास्त.

ऑर्गन वाजला. टोप्या उतरल्या. रेडिओवर त्या नव्या वाचणाऱ्याचा आवाज आला, "मिस्टर..." आणि पुढचं नाव मला ऐकू आलं नाही. लगेच रेडिओ बंद पडला. व्हर्लीनच्या हातात उपटलेली वायर होती.

पुढे बसलेल्या दोघा-तिघांनी नाव ऐकलं असेल. त्यांनी माना खाली घातल्या. बाकी कुणाला काही माहीत नव्हतं. तिने भांडं कपाटावर ठेवलं, ॲप्रनला हात पुसले आणि टेबलांमधून चालू लागली. माझ्याच दिशेने.

आईला न कळवता मुलाची सूचना रेडिओवर कोण देईल, हा साधा विचार मला सुचला नाही. मला फक्त ती येताना दिसत होती. मी मनात म्हणत होते, पुढे जा. कुणाकडेही जा, पण इथून पुढे जा. तिचा ॲप्रन माझ्या टेबलाच्या कडेला घासला आणि ती पुढे गेली. तेव्हा मला जे हायसं वाटलं, त्याची लाज मला अजून वाटते, कारण माझ्या मागच्याच टेबलावर एझ्रा टार्व्हर ताकात मक्याचा पाव कुस्करत बसला होता, आणि तिने त्याच्यासमोरची खुर्ची ओढली.

"एझ्रा, हॉलिस गेला."

तो पाव कुस्करत राहिला. त्याने विचारलं, "कधी?"

"ते मला कळलं नाही. नावापुढचं मी वाचूच दिलं नाही."

मग त्याने जे विचारलं, ते मला पाठ वळवून बसूनही ऐकावं लागलं. "मागे राहिलेल्यांत माझं नाव घातलंय का त्यांनी?"

डब असता तर तिला अकरालाच ठाऊक असतं. ती म्हणाली, "मला माहीत नाही. या खोलीत कुणालाच माहीत नाही. म्हणून तर वायर उपटली."

"घरोघरी ऐकलं असेल लोकांनी."

"ऐकलं असेल. पण त्या घरांत तू बसलेला नाहीस. इथे बसलायस."

त्याचे हात टेबलावर होते, बोटांना पावाचे कण चिकटलेले. मग तो म्हणाला, "नेटी मला दारात उभं करणार नाही." नेटी म्हणजे हॉलिसची बायको.

"नाही केलं तर नाही केलं. परत येऊ."

"येऊ?"

"मी येतेय ना." असं म्हणून व्हर्लीनने ॲप्रन सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. कॅफे भरलेला होता, अर्ध्या लोकांचं जेवण यायचं होतं. पण तिने त्याला मागच्या दाराने नेलं नाही. दंडाला धरून पुढच्या दाराने नेलं, सगळ्यांसमोरून, आणि सगळे उभे राहिले.

ती दोघं गेल्यावर ब्युफर्ड उठून कपाटापाशी गेला. यादीत अजून नावं असतील, कुणाची तरी असतील. त्याने वायर उचलली, आमच्याकडे पाहिलं. कुणी हो म्हणेना. त्याने ती परत खाली ठेवली.

वेडचा फोन शनिवारी आला. बोटीवरचं यंत्र बिघडलं होतं, बाकी काही नाही. मी त्याला खूप बोलले.

एझ्राचं नाव वाचलं गेलं होतं का? कुणी म्हणतं हो, कुणी म्हणतं नाही, आणि दोन्हीकडचे लोक शपथेवर सांगतात. त्या आठवड्याचा पेपर वाचनालयात आहे, मीच लावून ठेवलाय. तो उघडावा असं मला कधी वाटलं नाही.

नेटीच्या दारात काय झालं, ते मात्र व्हर्लीनने मला सांगितलं. नेटीने दार उघडलं. एझ्राकडे पाहिलं, व्हर्लीनच्या कामावरच्या बुटांकडे पाहिलं, पुन्हा एझ्राकडे. मग म्हणाली, "पाय पुसून ये. आजच फरशी पुसलीय."

एझ्राने पाय पुसले, खूप वेळ पुसले, आणि आत गेला. व्हर्लीन पायरीवरूनच वळली. आली होती त्याच्या ट्रकमधून, त्यामुळे दीड मैल उन्हातून चालत परतली.